विद्यापीठांतील बँड आणि आपले गैरसमज

हल्लीं आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय अमेरिकेंत असतो. मुलगा तेथें स्थायिक होतो, नातवंडें तेथेंच वाढतात, आणि पुढें एके दिवशीं घरीं बातमी येते कीं, नात विद्यापीठांत अभ्यासाबरोबर बँडमध्येंहि दाखल होत आहे. बातमी ऐकून आजीच्या कपाळाला आठी पडते, आजोबा चष्मा पुसूं लागतात, आणि "एवढा खर्च करून पोरीला वाजंत्री करावयाची का?" असा प्रश्न कोणी तरी विचारतोच. या विषयावर आम्हांस जे प्रश्न विचारले जातात त्यांतील बरेचसे वस्तुतः प्रश्न नसून पूर्वग्रह असतात. त्यांतील मुख्य मुख्य तपासून पाहणें इष्ट होय.

प्रथम, ही वस्तु काय आहे तें पाहूं. ज्यास तेथें 'मार्चिंग बँड' म्हणतात तें चालतां चालतां वाजविणारें वाद्यपथक होय. तिकडील फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरांत हें पथक मैदानावर उतरतें आणि वादन न थांबवितां चालून अक्षरें व आकृति उभ्या करितें. याचें मूळ लष्करी कवायतींत आहे. इंडियाना संस्थानांतील पर्ड्यू विद्यापीठाचें पथक १८८६ मध्यें छात्रसैनिकांच्या कवायतीसाठींच निघालें, आणि १९०७ मध्यें त्यानें मैदानावर 'पी' हें अक्षर उभें करून दाखविलें.

पहिला गैरसमज प्रतिष्ठेचा. आपल्याकडे बँड म्हटला कीं डोळ्यांपुढें वरात येते. वाजविणारा रस्त्यावर आणि ऐकणारा ओट्यावर, ही विभागणी आपल्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या मनांत जपली. ज्यांच्या सनईवांचून आपलें एकहि मंगलकार्य पार पडत नसे, त्यांना आपल्या पंगतींत जागा नव्हती. हा दोष वाद्याचा नव्हे, त्या विभागणीचा आहे. शास्त्राचा आधारच हवा असेल तर तेराव्या शतकांतील शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' पाहावा. गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींस मिळून त्यानें संगीत हें नांव दिलें आहे. मग वाद्य आणि पदन्यास यांचा मेळ घालणाऱ्या मुलांना हलकें लेखण्यास आधार कोणता?

दुसरा गैरसमज असा कीं, हें काम संगीत विषय घेणाऱ्यांचेंच. वस्तुस्थिति उलट आहे. मोठमोठ्या विद्यापीठांच्या पथकांत अभियांत्रिकी, वैद्यकपूर्व आणि वाणिज्य या शाखांचे विद्यार्थी भरपूर असतात. १९६९ मध्यें चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हे पर्ड्यू येथें वैमानिकी अभियांत्रिकी शिकत असतां तेथील बँडमध्यें बॅरिटोन हॉर्न हें पितळी वाद्य वाजवीत. अर्थात् बँडमध्यें गेलेला प्रत्येकजण चंद्रावर जाईल असें नाहीं. परंतु बँडमुळें विद्या बुडते, या म्हणण्यास हें एक बऱ्यापैकीं उत्तर आहे.

तथापि वेळाची शंका अगदींच निराधार नाहीं, आणि ती हंसण्यावारीं नेऊं नये. बहुतेक ठिकाणीं सत्र सुरू होण्यापूर्वींच शिबिर भरतें. पुढें सामन्यांचा हंगाम संपेपर्यंत दर आठवड्यास कित्येक तास सरावांत जातात, आणि सामन्याचा शनिवार तर सबंधच जातो. अनेक विद्यापीठांत या कामाचे थोडे गुण पदवीसाठीं धरतात, हें खरें. परंतु तेवढ्यानें प्रयोगशाळेचें काम आपोआप होत नाहीं. ज्याला दिनचर्या आंखतां येत नाहीं त्यानें पहिलें वर्ष थांबावें, हें बरें. तसेंच, बँडमध्यें गेल्यानें शुल्क माफ होतें, हीहि समजूत सोडावी. कोठें कोठें थोडें विद्यावेतन मिळतें. पण त्याच्या भरंवशावर घरचा हिशेब मांडूं नये.

तिसरा गैरसमज, हा निव्वळ करमणुकीचा मामला आहे. सर्वसाधारण रीत अशी कीं, पांच यार्डांत बरोबर आठ पावलें बसलीं पाहिजेत, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचें. धड प्रेक्षकांकडे, पाय भलत्याच दिशेस, ओठांशीं वाद्य आणि चाल तोंडपाठ! त्यांत सूसाफोन हें अंगाभोंवतीं वेटोळें घालणारें पितळी वाद्य दहा किलोंहून जड असतें. आमच्या लहानपणीं पाठांतर करीत येरझारा घालण्याची पद्धति होती. हें तिचेंच कठीण रूप समजावें.

मुलींना हें झेपावयाचें नाहीं, अशी शंका केवळ आपल्याच आज्यांना येते असें मानूं नये. अमेरिकेंतहि कित्येक नामांकित पथकें दीर्घकाळ पुरुषांचींच होतीं. सरकारी साह्य घेणाऱ्या शिक्षणक्रमांत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास १९७२ च्या कायद्यानें मनाई केली, आणि ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पथकांत १९७३ मध्यें मुली आल्या. आज त्यांच्या तेथें असण्याचें कोणास नवल वाटत नाहीं.

एक गैरसमज मात्र उलट बाजूचा आहे, आणि तो अधिक घातक. गणवेश आहे, शिस्त आहे, तेव्हां सर्व सुरक्षित असणार, असें पालक मानतात. नोव्हेंबर २०११ मध्यें फ्लॉरिडा ए. अँड एम. विद्यापीठाच्या विख्यात पथकांतील एका तरुणाचा सोबत्यांनीं परंपरेच्या नांवाखालीं केलेल्या मारहाणींत अंत झाला. तें पथक २०१३ पर्यंत बंद राहिलें. म्हणून 'बँडमध्यें जाऊं नको' असें सांगण्याऐवजीं नातीला हें विचारावें कीं, नवागतांना तेथें कसें वागवितात, आणि तक्रार कोणाकडे करावयाची. ज्या परंपरेविषयीं घरीं बोलण्याची चोरी वाटते ती परंपराच नव्हे, हें तिला स्पष्ट सांगून ठेवावें.

एवढी काळजी घेतल्यावर मुलांना खुशाल जाऊं द्यावें, असें आमचें मत आहे. आपल्या घरांतील मुलें पहिल्या क्रमांकासाठीं वाढविलेलीं असतात. आपण एकटे चमकलों म्हणजे भरून पावलों, असें त्यांना बाळपणापासून शिकविलेलें असतें. बँडमधील नियम निराळा आहे. तेथें एकाचें पाऊल चुकलें तर तो एकटाच दिसतो. सर्वांचें बरोबर पडलें तर कोणीच दिसत नाहीं, आकृति दिसते. ओहायो स्टेटचें पथक १९३६ पासून 'ओहायो' हें नांव वळणदार अक्षरांत चालून लिहितें, आणि त्यांतील 'आय' या अक्षरावरील टिंब होण्याचा मान चौथ्या किंवा पांचव्या वर्षाच्या सूसाफोनवादकास मिळतो. म्हणजे कित्येक वर्षें ओळींतील एक रेघ होऊन राहावें, तेव्हां कोठें क्षणभर टिंब होतां येतें. हें शिक्षण कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं, आणि आपल्या हुशार मुलांना त्याची गरज सर्वांत अधिक आहे.