व्यवसाय : काही नाही

मृत्यूची नोंद करायच्या अर्जात मृत व्यक्तीच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. व्यवसाय नसेल तर तसं लिहा, अशी सूचनाही त्यातच असते. आमची आजी गेली तेव्हा हा रकाना भरताना "लिही, काही नाही" असंच पहिल्यांदा घरातल्या कुणाच्या तरी तोंडून निघालं. बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. नव्वदी ओलांडून गेलेल्या आजीवर सगळ्यांचाच जीव होता. पण घरातल्या बाईबद्दल असंच लिहायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती रीत अन्यायाची आहे.

संगमेश्वराकडून लग्न होऊन ती कांजूरला आली तेव्हा एलबीएस मार्गाला आग्रा रोड म्हणत आणि रुळांच्या पूर्वेला मिठागरं पसरलेली होती. आजोबा पुढे क्रॉम्प्टनच्या कारखान्यात लागले. त्यांची पाळी बदलली की घराचं घड्याळ बदलायचं. पहिल्या पाळीला पहाटेचा डबा, रातपाळीला संध्याकाळचा, आणि दिवसा ते झोपले की पोरांना बाहेर गप्प बसवायचं. नळाला पाणी पहाटे यायचं. हंडे-कळशा भरून झाल्याशिवाय तिने कधी चहा घेतला नाही. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो आला. त्याची भाकरी थापताना तुटायची, ती कशी जुळवायची हे तिने अख्ख्या चाळीला शिकवलं. महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी काढलेल्या लाटणं मोर्चात आपणही गेलो होतो, हे ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची.

शिवाय ती कमवत होती. दुपारी जेवणं आवरली की टिकल्यांची पाकिटं भरायची, राख्यांच्या दिवसांत राख्या, एरवी प्लॅस्टिकच्या फुलांना देठं लावायची. हिशेब ग्रोसवर व्हायचा आणि पैसे पंधरवड्याने मिळायचे. त्या पैशांतून आमच्या वह्या-पुस्तकं आणि एका आत्याची शिवणाची मशीन आली. तरीही या कमाईला घरात कुणी काम म्हटलं नाही. "आजीचं ते चालूच असतं" असं म्हणत.

आई नोकरी करू शकली तीही तिच्यामुळेच. आई सकाळची लोकल पकडायची आणि आम्ही नातवंडं आजीच्या ताब्यात. शाळेत सोडणं, आणणं, ताप आला की रात्रभर उशाशी बसणं, सगळं तिच्याकडे. आईच्या नोकरीची वर्षं भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात, निवृत्तिवेतनाच्या कागदावर नोंदलेली आहेत. त्याच वर्षांतल्या आजीच्या कामाची नोंद कुठेही नाही. चाळीतल्या बाळंतिणींना अळिवाची खीर, शेक-शेगडी, बाळाला न्हाऊ घालणं, हेही ती करायची. तेराव्याला पन्नाशीतला एक माणूस आला होता. "मला आजींनीच पायावर घेऊन न्हाऊ घातलंय," असं सांगताना तो रडला.

हा प्रश्न एका घराचा असता तर इथे मांडला नसता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका अपघाती मृत्यूच्या भरपाईच्या खटल्यात निकाल देताना २००१ च्या जनगणनेवर कडक शब्दांत बोट ठेवलं. देशातल्या सुमारे ३६ कोटी स्त्रिया 'काम न करणाऱ्या' म्हणून भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्या होत्या. २०२१ साली त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की गृहिणीच्या मृत्यूची भरपाई ठरवताना तिच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे. केंद्राच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनमोल कामं करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ९७. एवढं सगळं कागदावर आलेलं असताना हिशेब मात्र बाई अपघातात गेल्यावर कोर्टातच मांडला जातो. जी अंथरुणावर शांतपणे जाते, तिच्या वाट्याला "काही नाही".

२०११ च्या जनगणनेत काम न करणाऱ्यांसाठी वेगवेगळे सांकेतिक आकडे होते. त्यात घरकामाचा वेगळा, आश्रितांचा वेगळा. म्हाताऱ्या बाईची नोंद आपली माणसं सहज आश्रित म्हणून करून टाकतात, मग ती नातवंडं सांभाळत असो की घरी बसून माल भरत असो. वास्तविक पैशासाठी घरी केलेलं काम, घरच्या शेतात किंवा धंद्यात मजुरीशिवाय केलेलं काम, हे जनगणनेच्या व्याख्येतही कामच आहे. म्हणजे आमची आजी त्या व्याख्येनेसुद्धा कामगार होती. विचारणाऱ्याला कुणी सांगितलं नाही एवढंच. घरकाम आणि पोरंबाळं सांभाळणं मात्र त्या व्याख्येच्या बाहेर आहे. ती व्याख्या बदलायलाच हवी, आणि मृत्यूच्या अर्जातली ती सूचनाही काढून टाकायला हवी.

आम्ही आजीच्या अर्जात अखेर 'गृहिणी' लिहिलं. तेही अपुरंच आहे. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. कांजूर, भांडुप, विक्रोळीच्या चाळींत आणि आता टॉवरांतही अशा कितीतरी आज्या आज नातवंडं सांभाळताहेत, पापड लाटताहेत, गजरे ओवताहेत. प्रगणक दारात आला की "ती काही करत नाही" असं घाईने सांगून टाकू नका. ती दिवसभर काय करते, हातात किती पैसे येतात, ते सविस्तर सांगा, आणि ती बोलू शकत असेल तर उत्तर तिलाच देऊ द्या.