आंतरजालावरील नीती आणि वडीलधारी मंडळी

मुलांना आंतरजालावर सभ्यपणे वागण्याचे शिक्षण शाळेने द्यावे, अशी मागणी हल्ली सुशिक्षित पालकवर्ग मोठ्या हिरिरीने करीत असतो. मागणी वावगी नाही; परंतु ती करणाऱ्यांच्या स्वतःच्या हाती मोबाईल आला म्हणजे ते काय करितात, हे पाहून तिच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका येऊ लागते.

इन्स्टाग्रामवर खाते काढण्यास वयाची १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. मग दहा वर्षांच्या मुलाचे खाते तेथे निघते कसे? जन्मसाल खोटे घालून. आणि पुष्कळ घरांत ते घालणारे बोट आईचे किंवा बापाचेच असते. खोट्या दाखल्यावर आत शिरलेल्या ह्या विद्यार्थ्यास मग गुरुजींनी सत्याचा पाठ द्यावा!

ह्याहून भयंकर प्रकार अफवांचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकिले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या सुमारास देशभर अशा अफवांबरोबर हिंडणारी एक चित्रफीत तर कराचीची, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच तयार केलेली होती. खुलासा करणारा तिचा शेवट तेवढा कोणी कापून टाकिला होता. असले निरोप पुढे धाडणारे सगळेच काही आडदांड नसतात. ‘खरेखोटे ठाऊक नाही, पण काळजी घ्यावी’ अशी शेपटी जोडून कुटुंबवत्सल, पदवीधर माणसेही ते धाडतात. खरेखोटे ठाऊक नाही हे ज्यास कळते, त्याने ते पुढे धाडावेच का? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी ५ ठिकाणीच धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. माणसांचा विवेक भरवशाचा नाही, म्हणून यंत्रास कुलूप लावावे लागले!

‘मुलांना ह्यातले आमच्यापेक्षा अधिक कळते, आम्ही काय शिकविणार?’ असे कोणी म्हणेल. मुलांना कळा दाबता येतात, इतकेच. कोणत्या वेळी हात आवरावा, हे ती आपल्याकडे पाहून शिकतात. आणि त्यांचे गुणपत्रक त्यांना न विचारता नातलगांच्या गटावर टाकणारे आपण त्यांना काय दाखवितो? तेव्हा मुख्याध्यापकांकडे अर्ज नेण्यापूर्वी पालकांनी आज रात्रीच जेवणे आटोपल्यावर, आपल्याकडे आलेला एखादा निरोप मुलासमक्ष उघडावा. तो मूळ कोणाचा, कधीचा, त्यातले चित्र कोठले, हे दोघांनी मिळून शोधावे, आणि पत्ता न लागल्यास मुलाच्याच हातून तो पुसून टाकवावा.