बंदुकीची खाच

दोस्तहो, नशिराबादहून गोदीत आलो नि कुलाब्याचं अफगाण चर्च पाह्यलं. 1858 सालचं. अफगाण युद्धात मेलेल्या सोजिरांसाठी बांधलेलं. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा! 1947 ला गोरे गेले; 1970 पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. बसणारी माणसं बदलली, खाचा राह्यल्या.

1950 च्या राष्ट्रपती आदेशातही अशीच खाच आहे. 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध अनुसूचित जातींत घेतले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर. मला दाखला, मावसभावाला नकार. महारवाडा एकच, शिवीही एकच! बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं जात सोडली काय?

बौद्ध भावांनो, 'त्यांचं त्यांनी बघावं' म्हणू नका. धर्मांतरानंतर आपणही चौतीस वर्षं बाहेरच होतो. ही खाच आपणच बुजवायची!