दिव्याखालीं अंधार

लोकांस सुधारणेचा उपदेश करणारें पत्र आपल्या छापखान्यांत ती सुधारणा कितपत शिरूं देतें, हीच त्या उपदेशाची कसोटी होय. कॅनडांतील टोरांटोच्या मुद्रणकामगारांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. तेथील जुळाऱ्यांनीं आपला पहिला संघ १८३२ सालीं स्थापिला. १८७२ च्या मार्चमध्यें त्यांनीं ९ तासांच्या दिवसासाठीं संप केला. एप्रिलांत सुमारें १०,००० लोक त्यांच्या पाठिंब्यास जमले. त्यांस कडवा विरोध कोणाचा? गुलामगिरीविरुद्ध लेखणी झिजविणाऱ्या ‘ग्लोब’ पत्राचे चालक जॉर्ज ब्राऊन यांचा! संघ करून व्यापारास अडथळा आणणें म्हणजे कट, हा जुना नियम पुढें करून संपाचे पुढारी पकडविण्यांत आले. तेव्हां ब्राऊन यांचे प्रतिस्पर्धी, मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड यांनीं त्याच वर्षीं कायदा करून कामगारसंघांस मान्यता दिली. त्यांत राजकीय डाव होताच. परंतु सुधारकांनीं न्यायाची बाजू सोडली, म्हणूनच ती प्रतिपक्षास उचलतां आली. संपांत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, हें विसरतां येत नाहीं. पत्रकार असो वा पेढीवाला, दूरच्या गुलामाचें दुःख ज्यास दिसतें, त्यास आपल्याच पदरच्या नोकराचे तास मोजतां आले पाहिजेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.