बरणी आणि बाटली

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील लग्नघरी एक नवी रीत रुजू पाहत आहे. टोस्टच्या वेळी मंचावर जी बाटली मिरवली जाते ती दुकानातली, सोनेरी अक्षरांच्या लेबलाची. आणि घरच्या आजीने काळी द्राक्षे, साखर, यीस्ट व मूठभर गहू घालून चिनी मातीच्या बरणीत मुरवलेली वाईन स्वयंपाकघराच्या दाराआड राहते. बाळकुमच्या आमच्या घरांतही हे घडू लागले आहे. कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो.

त्या बाटलीशी आमचे भांडण नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 'ला रेझर्व्ह' या तांबड्या वाईनचेच उदाहरण घ्या. कर्नाटकात डोड्डबळ्ळापूरजवळ, नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर ग्रोव्हर कुटुंबाने १९८० च्या दशकात फ्रेंच जातीच्या वेली लावल्या. आपल्याकडे द्राक्षे पिकतात ती कोरड्या हवेत, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. उंचीवरच्या थंड रात्री त्यांतील आंबटपणा राखतात. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन जातींचा तो मेळ फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा हळूहळू शिरते, तुरटपणा मवाळ होतो, लाकडाचा गंध उतरतो. बोर्दोचे मिशेल रोलाँ यांचा सल्ला त्यांनी वर्षानुवर्षे घेतला. २०१२ साली हा उद्योग आपल्या नाशिक जिल्ह्यातील सांजेगावच्या वायनरीशी एक झाला. म्हणजे बाळकुमजवळून जाणारा नाशिकचा महामार्ग कसारा घाट चढला, की आपण तिच्याच तालुक्यात असतो. एका कुटुंबाची चिकाटी त्या बाटलीत आहे, आणि तिचा मान आम्ही राखतो.

आमचे भांडण आहे ते बाटलीबरोबर घरात शिरलेल्या दोन वाक्यांशी.

पहिले वाक्य : वाईन म्हणजे दारू नव्हे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे वाक्य जाहीरपणे आणि मोठ्या थाटात उच्चारले गेले. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. वाक्य मात्र आपल्या दिवाणखान्यांत मुक्कामाला राहिले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्याची जी व्याख्या केली तिच्यात वाईन नावानिशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले, की मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. तांबडी वाईन हृदयाला बरी, असे सांगत तिसरा पेला भरणाऱ्या काकांना हे कोणीतरी आदराने ऐकवावे. व्यसनाने विस्कटलेली घरे आपल्या वाड्यांतून थोडी नाहीत. ज्या समाजाने काना गावच्या लग्नाची कथा लहानपणापासून ऐकली, त्याने तरी द्राक्षारसाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे आणि बेताने घ्यावे.

दुसरे वाक्य अधिक बोचरे : घरची ती गावठी. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलच्या विषाने. बरणीतली वाईन गाळलेली नसते, नुसती आंबवलेली असते. तिच्यात भट्टी नाही आणि बाहेरचे रसायनही नाही. द्राक्षे स्वस्त होतात ती उपवासकाळाच्या सुमारास. तेव्हा भरलेली बरणी नाताळला उघडली, तर तीही नऊ महिने मुरलेलीच असते. (वेदीवर मात्र ती चालणार नाही. तेथे निव्वळ द्राक्षांचाच रस हवा, असा धर्मसभेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे.)

आता शासनाची मापे पाहा. २००१ च्या धोरणाने वायनरींना उत्पादन शुल्कात सूट दिली, आणि द्राक्ष उत्पादकाचे हित म्हणून आम्ही तिचे स्वागतच करतो. मिस्साबलीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची तरतूदही कायद्याने ठेवली आहे. परंतु परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्या कक्षेतून आजीची बरणी सुटत नाही. कारखान्याला सवलत आणि बरणीला कलम! घरगुती बरणीला मुभा दिली तर हातभट्टीवाल्यांचे फावेल, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाईन स्वतःसाठी करता येते, विकता मात्र येत नाही. आम्हाला त्याचा दहावा हिस्साही नको. वर्षाला वीस लिटर, केवळ आंबवलेली, विक्रीस सक्त मनाई, आणि गाळण्याला कोणतीही सवलत नाही, एवढेच कायद्यात लिहिले जावे.

हे निवेदन मुंबई-ठाण्याच्या गावठाणांतील धर्मग्राम मंडळांनी एकत्र येऊन आपापल्या आमदारांच्या हाती द्यावे. पुढचा द्राक्षांचा हंगाम जानेवारीत सुरू होईल. सह्या त्याआधी गोळा व्हाव्यात, आणि पहिली सही त्या आजींची असावी.