मत दिले, पण ते पोहोचले काय?



गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी हातात मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. त्या ज्या संस्थेच्या सभासद आहेत, तिने आपल्या कार्यकारी मंडळाची निवडणूक यंदा मोबाईलवरून घेतली होती. “फादर, मी मत दिलं, आणि आता हे सांगतंय की मतदान अपुरं राहिलं,” असे त्या म्हणाल्या. आम्ही पाहिले. उमेदवाराच्या नावावर खूण त्यांनी बरोबर केली होती. परंतु त्यापुढील पानाच्या अगदी तळाशी आणखी एक बटण होते, ते दाबावयाचे राहून गेले होते. मुदत आदल्या संध्याकाळीच संपली होती. “मावशी, जरा नीट वाचायला नको होतं का?” असे आम्ही बोलून गेलो. त्या काही न बोलता निघून गेल्या. आमच्या त्या वाक्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

फिनलंड हा देश सुशिक्षितांचा म्हणून जगात ओळखला जातो. तेथे २००८ च्या ऑक्टोबरात कार्किला, कौनियाइनेन व विह्ती या तीन गावांच्या स्थानिक निवडणुकीत विद्युत यंत्रावर मतदानाचा प्रयोग झाला. हे यंत्र घरी नव्हे, मतदान केंद्रातच ठेवलेले होते. मतदाराने यंत्रात कार्ड घालावयाचे, उमेदवाराचा क्रमांक निवडावयाचा, ‘ओके’चे बटण दाबावयाचे, मग खात्री म्हणून ते पुन्हा दाबावयाचे, आणि त्यानंतरच कार्ड काढून घ्यावयाचे, अशी रीत होती. दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी कार्ड काढले तर मत नाहीसे होई. अशी २३२ मते नोंदलीच गेली नाहीत. प्रकरण देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले. २००९ च्या एप्रिलमध्ये त्या न्यायालयाने तिन्ही गावांची निवडणूक रद्द ठरविली आणि सप्टेंबरात ती नव्याने घ्यावी लागली. आता विचार करा, ही २३२ माणसे काय निष्काळजी होती? ज्या दारातून शेकडो माणसे ठेच खाऊन जातात, त्या दाराचा उंबरठाच वाकडा असला पाहिजे.

हा वाकडेपणा निवडणुकीपूर्वी ओळखण्याची एक साधी रीत आहे. साधन तयार करणाऱ्यांनी काही सामान्य माणसांस बोलावून त्यांच्या हाती ते द्यावे, आणि आपण जवळ गप्प बसावे. शिकवू नये, बोट दाखवू नये. “मनात येईल ते मोठ्याने बोला” एवढेच सांगावे, आणि हात कोठे थबकतो, डोळा काय शोधतो, हे टिपून घ्यावे. मतदानाच्या चाचणीत कोणास मत द्यावयाचे ती नावे आधीच एका कागदावर लिहून देतात. कारण खरे मतदान गुप्त असते. तेथे मतदाराच्या मनात एक नाव होते आणि यंत्रात दुसरेच नोंदले गेले, हे कोणासच कळावयाचे नाही. चाचणीत मात्र कागद व यंत्र ताडून पाहता येतात. याकोब नील्सन या तज्ज्ञांनी २००० साली असे सुचविले की, एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच माणसांच्या लहान चाचण्या घ्याव्यात, आणि प्रत्येक चाचणीनंतर सापडलेले दोष दुरुस्त करावेत. आणि आरंभीच माणसास सांगावयाचे असते ते हे: परीक्षा तुमची नव्हे, या साधनाची आहे.

अशी परीक्षा कठोर असू शकते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मतदानाच्या तीन अत्यंत सुरक्षित पद्धतींची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ‘हेलिओस’ ही इंटरनेटवरील पद्धत. बेल्जियममधील लूव्हँच्या कॅथलिक विद्यापीठाने २००९ मध्ये आपल्या कुलगुरूंच्या निवडणुकीत ती वापरली होती. तिन्ही पद्धती मिळून शेकडा ५८ मतपत्रिकाच यशस्वीपणे टाकल्या गेल्या. आपले मत नोंदले गेले की नाही हे पडताळून पाहणे तर त्याहूनही थोड्यांस साधले. चोराला न उघडणारे कुलूप घरच्या धन्यालाही उघडत नसेल, तर त्याचा उपयोग काय?

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये बिहारमधील नागरी निवडणुकांत मोबाईलवरून मत देण्याची सोय झाली. आजारी, वृद्ध व परगावी गेलेल्या माणसांस ती मोलाची आहे, आणि म्हणूनच तिची चाचणी अधिक कसोशीने व्हावयास हवी. मतदान केंद्रात विचारावयास अधिकारी तरी असतो. घरी माणूस एकटाच असतो.

तेव्हा आपली संस्था अशी निवडणूक घेणार असेल, तर सभेत उठून विचारा: हे साधन आमच्यातील वृद्धांनी, कमी दिसणाऱ्यांनी, अक्षर लावून वाचणाऱ्यांनी आधी हाताळून पाहिले आहे काय? मत पोहोचले हे शेवटी मोठ्या अक्षरांत, मराठीत सांगितले जाते काय? अडल्यास मुदतीच्या आत कोणास विचारावे? आणि घरातील तरुणांनो, आजीजवळ अवश्य बसा, पान कसे उलटते ते दाखवा. परंतु बटण तिचे तिलाच दाबू द्या, आणि तेव्हा आपली नजर दुसरीकडे वळवा. घाईने तिच्या हातून मोबाईल घेणारा नातू तिचे मतही घेतो.

त्या भगिनींच्या घरी आम्ही मागाहून गेलो व आमचे शब्द परत घेतले. “मला वाटलं, आता माझं वय झालं, मत देणं आपलं काम नव्हे,” असे त्या म्हणाल्या. आमच्या एका वाक्याने एवढे झाले होते. पुढील निवडणुकीपूर्वी चाचणी घ्यावी आणि तिचे पहिले बोलावणे या भगिनींस असावे, असे पत्र आम्ही त्यांच्या संमतीने संस्थेस धाडले आहे.