रक्त गाळायचे, पण कोणाचे?

अंगावर पुरळ उठले, तोंडावर मुरमे आली की आपल्याकडे निदान घरीच होते : रक्त खराब झाले. मग रक्तशुद्धीच्या बाटल्या आणल्या जातात. हल्ली त्यात नवी भर पडली आहे. गेल्या महिन्यात एक ठणठणीत प्रकृतीचे व्यापारी गृहस्थ मला विचारत होते, "डॉक्टरसाहेब, मोठ्या शहरात मशीनवर रक्त गाळून देतात म्हणे. एकदा करून घ्यावं का?" मी नाही म्हटले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

असा उपचार मात्र खरोखर आहे. त्याला प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणतात. रक्तातल्या पेशी ज्या पिवळसर द्रवात तरंगतात तो प्लाझ्मा. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग त्याचाच असतो. मशीन रुग्णाचे रक्त बाहेर घेते, पेशी परत देते, प्लाझ्मा काढून टाकते आणि त्याजागी अल्ब्युमिनचे द्रावण किंवा रक्तदात्याचा प्लाझ्मा भरते. पुष्कळांना हे डायलिसिसच वाटते. पण डायलिसिसमध्ये युरियासारखे बारीक पदार्थ निघतात. इथे काढायची असतात ती आकाराने मोठी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली पण आपल्याच शरीरावर उलटलेली प्रथिने.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, ते वाचकांना आठवत असेल. दूषित अन्नपाण्यातून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो, जुलाब होतात, थांबतात. त्यानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही आणि अशक्तपणा वर वर सरकू लागतो. जंतूसाठी बनलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवर हल्ला करतात. काहींच्या श्वासाचे स्नायूही दुबळे होतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. अशा रुग्णाला साधारण दोन आठवड्यांत चार ते सहा वेळा प्लाझ्मा बदलून देतात. इम्युनोग्लोब्युलिनची पाच दिवस शिरेतून दिली जाणारी इंजेक्शने तितकीच गुणकारी आहेत. नातेवाईक हट्ट धरतात, दोन्ही करा. प्लाझ्मा बदलून झाल्यावर वर ही इंजेक्शने दिल्याने जास्तीचा फायदा होत नाही, खर्च मात्र दुप्पट होतो. आणि ज्याला आधाराशिवाय चालता येते, तो बहुधा नुसत्या देखरेखीवरही सुधारतो.

खरी अडचण वेळेची आहे. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर लाभ जास्त. आपल्याकडे त्यातला आठवडा "वारं गेलं" म्हणून तेल चोळण्यात जातो, उरलेला पैसे उभे करण्यात. माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान ही इंजेक्शने आणि व्हेंटिलेटरची खाट तयार हवी. पुण्याला रुग्ण मोठ्या इस्पितळांच्या दारात होते. आपल्या तालुक्यातल्या शेतमजुराने कुठे जावे? बांगलादेशात ढाक्याला डॉक्टरांनी मशीनशिवाय, रक्ताची पिशवी टांगून पेशी खाली बसू देण्याची स्वस्त पद्धत थोड्या रुग्णांवर करून पाहिली आणि ती सुरक्षित वाटली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अजून मोठ्या चाचण्या हव्यात. पण आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तिकडे पाहायला काय हरकत आहे?

आता त्या व्यापारी गृहस्थांचा प्रश्न. प्लाझ्मा बदलताना बऱ्याचदा मानेच्या शिरेत जाड नळी घालावी लागते, तिच्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रक्तदाब उतरतो, कॅल्शियम कमी होऊन ओठांना मुंग्या येतात आणि वाईटाबरोबर चांगली प्रतिपिंडेही निघून जातात. ज्याचे पाय लुळे पडत आहेत त्याने हा धोका पत्करावा. निरोगी माणसाचे यकृत आणि मूत्रपिंड रक्त शुद्ध करण्याचे काम अहोरात्र, फुकट करीतच असतात.

जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर दोन्ही पायांतली ताकद कमी होत असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. जाताना आधीचे कागद आणि पहिली मुंगी कोणत्या तारखेला आली ते लिहून न्यावे. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.